देहातील तारायंत्र आणि त्यातील वादळ

गेल्या वर्षीच्या श्रावणातील ही गोष्ट आहे. बाहेर पावसाची झड लागली होती, म्हणून सकाळची प्रार्थना सभागृहात चालू होती. अखेरचे कडवे म्हटले जात असता आठवीच्या रांगेतील एक मुलगा एकाएकी किंचाळून खाली कोसळला. त्याचे सर्वांग ताठ झाले, डोळे फिरले, दातखीळ बसली आणि पाठोपाठ हातपाय झटके देऊ लागले. तोंडाला फेस आला. पुढील दोन मिनिटांत आम्ही शिक्षकांनी आणि मोठ्या मुलांनी मिळून जे जे केले ते आठवले म्हणजे आज संकोच वाटतो. दोघांनी त्याचे हात जमिनीशी दाबून धरले. एकाने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. कोणी कांदा फोडून आणा म्हणून ओरडले, कोणी नाकाशी चप्पल धरली. दातखीळ उघडण्यासाठी चमचा हवा म्हणून शिपायाला पिटाळण्यात आले. सुदैवाने चमचा येण्यापूर्वीच झटके थांबले.

आम्ही शाळेत शास्त्र शिकवितो. मेंदूची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढण्याचा आम्हास सराव आहे. परंतु तोच मेंदू प्रत्यक्ष आमच्यापुढे बंड करून उठला तेव्हा त्या आकृतीचा आम्हास काडीइतका उपयोग झाला नाही. त्या मुलास अपस्मार, म्हणजे ज्याला आपण फेफरे किंवा फिट म्हणतो आणि आमचे कानडी शेजारी मूर्छेरोग म्हणतात, तो विकार असल्याचे पुढे तपासात ठरले. त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या संमतीनेच हा लेख आम्ही लिहीत आहोत.

जुन्या पाठ्यपुस्तकांत मज्जासंस्थेला देहातील तारायंत्र म्हणत असत. मेंदू हे मुख्य तारघर, मणक्यांच्या पोकळीतून उतरणारा मज्जारज्जू ही मोठी वाहिनी आणि मज्जातंतू या गावोगाव पसरलेल्या तारा. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तेव्हा आजच्या मुलांना ही उपमा आजोबांकडून समजावून घ्यावी लागेल. तरी ती टाकून द्यावी असे आम्हास वाटत नाही. ती कोठपर्यंत खरी आहे आणि कोठे फसते, हे पाहत गेल्यास या संस्थेचा बहुतेक कारभार ध्यानात येतो.

मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूपासून ३१. त्यांच्या वाटे डोळा, कान, त्वचा, आतडी येथील वर्दी आत येते आणि स्नायूंना द्यावयाचे हुकूम बाहेर जातात. सर्वच वर्दी मुख्य कचेरीपर्यंत जाते असे नाही. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात मागे येतो. हा निकाल मज्जारज्जू परस्पर लावतो, आणि मेंदूला चटका कळतो तो हात मागे आल्यावर. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे देहाच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा. पण विसावा घेत असताना देह जितकी शक्ती खर्च करतो तिच्या पाचव्या हिश्शाची मागणी एकटा मेंदू करतो. त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. हल्लीची पुस्तके त्यांना चेतापेशी म्हणतात. आम्ही ज्या शब्दावर वाढलो तोच येथे वापरीत आहोत.

या तारांतून संदेश किती वेगाने धावतो? तो मोजणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे असे जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेल्महोल्ट्झ यांनी १८५० साली बेडकाच्या पायाचा तंतू घेऊन वेग मोजून दाखविला. तो भरला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारीइतका. योगायोग असा की, त्याच वर्षी कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर हिंदुस्थानातील पहिली तार सुरू झाली. मानवी देहातील सर्वांत जलद तंतू सेकंदाला १२० मीटरपर्यंत मजल मारतात, तर वेदनेचे काही तंतू जेमतेम एक मीटर. वाचकांना याचा पडताळा घरबसल्या आहे. पायाला ठेच लागली की आघात तत्काळ समजतो आणि ती खोल, ठणकणारी कळ मागाहून चालत येते.

तारेतील विजेपुढे हा वेग म्हणजे गोगलगाय. कारण मज्जातंतूत वीज तारेसारखी वाहतच नाही. पेशीच्या पातळ आवरणाच्या आत व बाहेर क्षारांचे कण असमान वाटलेले असतात, आणि त्यामुळे आत-बाहेर थोडासा विद्युत्‌भार टिकून असतो. संदेश येताच आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे कण आत घुसतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात. ही उलथापालथ शेजारच्या दारांना जागे करते आणि ती दारे त्यापुढच्यांना. इंग्लंडातील हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकूल जातीच्या समुद्रजीवाच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून हे गणित १९५२ मध्ये मांडले आणि १९६३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पत्त्यांची रांग उभी करून पहिला पत्ता ढकलावा तसे हे आहे; भेद एवढाच की, येथील पत्ते क्षणार्धात आपोआप पुन्हा उभे राहतात.

तारायंत्राची उपमा खरी फसते ती तारेच्या टोकाशी. एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. दोघींच्या मध्ये फट असते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करावेत आणि त्यांतील एक घ्यावा, एवढी. ही फट संदेश कसा ओलांडतो, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. ठिणगी उडते असे एक पक्ष म्हणे, रसायन झिरपते असे दुसरा. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. १९२१ साली एका रात्री त्यांना स्वप्नात या वादाचा निकाल लावणारा प्रयोग दिसला. त्यांनी अर्धवट झोपेत तो कागदावर खरडला, आणि सकाळी पाहतात तो स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! तो दिवस त्यांनी मोठ्या बेचैनीत काढला. पुढील रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी मात्र कागदाच्या भानगडीत न पडता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन धडधडती हृदये त्यांनी क्षारयुक्त पाण्यात ठेवली. पहिल्या हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू त्यांनी विजेने उत्तेजित केला, आणि ते हृदय मंदावल्यावर त्याच्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. त्या दुसऱ्या हृदयाला कोणताही तंतू जोडलेला नव्हता. तरी तेही मंदावले. पाण्यात काहीतरी उतरले होते, हे उघड झाले. १९३६ च्या नोबेल पारितोषिकाचे मूळ असे एका स्वप्नात आहे. मुलांनी यावरून उशाशी वही ठेवण्याऐवजी आपले अक्षर सुधारावे, असे आम्ही वर्गात गमतीने सांगतो.

फटीत झिरपणाऱ्या या रसायनांत काही पुढल्या पेशीला ‘चल’ म्हणतात, तर काही ‘थांब’ म्हणतात. आमच्या मते सगळ्या मज्जासंस्थेत ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे. ‘थांब’ म्हणणाऱ्यांचे काम ‘चल’ म्हणणाऱ्यांहून कमी नाही. शनिवारच्या बाजारात शेकडो माणसे बोलत असतात, पण जो तो आपापला व्यवहार बोलतो. लांबून ऐकणाऱ्यास नुसती कुजबुज येते. निरोगी मेंदू असा बाजार आहे. आता अशी कल्पना करा की, त्या बाजारातील सर्व माणसे एकाच तालात टाळ्या पिटू लागली. आवाज प्रचंड होईल, परंतु त्यात कोणाचाच व्यवहार पार पडणार नाही. अपस्माराचा झटका म्हणजे नेमके हेच. ‘चल’ आणि ‘थांब’ यांचा तोल सुटतो आणि लाखो पेशी एकाच ठेक्यात संदेश सोडू लागतात. सर्व मेंदू त्यात सापडला तर शुद्ध जाते आणि अंग झटके देते. एखादाच भाग सापडला तर एक हात किंवा गालच उडतो, किंवा माणूस भान हरपून कपड्याची बटणे चाचपडत राहतो.

हा ठेका कागदावर उमटविण्याची युक्ती ज्यांनी शोधली त्या हान्स बर्गर यांच्या चरित्रात खरी तारही आहे. तरुणपणी लष्करी कवायतीत ते घोड्यावरून पडले आणि तोफगाडीखाली सापडता सापडता वाचले. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरून क्षेमकुशल विचारणारी तार आली. बहिणीच्या मनात अकस्मात भय दाटले म्हणून वडिलांनी ती केली होती. मने परस्परांशी कोणत्या शक्तीने बोलतात, हा ध्यास बर्गर यांना तेव्हापासून लागला. ती शक्ती त्यांना सापडली नाही. परंतु कवटीवर पत्रे लावून मेंदूतील विजेच्या लहरी त्यांनी १९२४ मध्ये टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. आज डोक्याला तारा लावून जो आलेख काढतात, तो हाच. आमच्या विद्यार्थ्याचा आलेख डॉक्टरांनी आम्हासही दाखविला. बारीक, विस्कळीत रेघांमध्ये मध्येच काही सेकंद सरळ रांगेत उभ्या राहिलेल्या उंच लाटा होत्या.

त्या काही सेकंदांविषयी आम्हास एक कबुली द्यावयाची आहे. हा मुलगा सातवीत असल्यापासून वर्गात मधूनमधून शून्यात पाहत बसे. हातातील लेखणी थांबे, पापण्या फडफडत, हाक मारली तरी उत्तर नसे. आणि दहा-पंधरा सेकंदांनी जणू काही झालेच नाही अशा रीतीने तो पुढे लिहू लागे. मधले वाक्य मात्र गळालेले असे. ‘लक्ष कोठे आहे?’ म्हणून आम्ही त्याला अनेकदा उभे केले, दोनदा वर्गाबाहेरही काढले. ते दुर्लक्ष नव्हते. ते अपस्माराचेच सौम्य झटके होते. असे झटके लहान वयातच येऊ लागतात आणि दिवसातून अनेकदा येऊ शकतात. मुलाला त्यांची आठवण राहत नाही, म्हणून तो तक्रारही करीत नाही. सांगावयाचे ते पाहणाऱ्यांनीच, म्हणजे घरी आईवडिलांनी आणि शाळेत आम्ही. आम्ही पाहिले, पण ओळखले नाही.

घरी वेगळाच गोंधळ चालला होता. मुलाच्या आजींना ही बाहेरची बाधा वाटत होती. अंगारा झाला, तायित झाला. त्यांना हसण्याचा अधिकार चप्पल हुंगविणाऱ्यांच्या शाळेला नाही. बसल्या जागी माणूस दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेल्यासारखा दिसावा, असा हा रोग आहे. तथापि तो देहाचाच रोग आहे हे ज्ञान काही आजचे नव्हे. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत आणि त्याचे भेद वात, पित्त, कफ या दोषांवरून केलेले आहेत. ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात या रोगाला लोक ‘पवित्र’ म्हणतात ते अज्ञानामुळे, त्याचे मूळ मेंदूत आहे, असे सुमारे २,४०० वर्षांपूर्वी सांगितलेले आहे.

चप्पल, कांदा आणि किल्ल्या यांची कीर्ती टिकली ती काकतालीय न्यायाने. बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात जे काही नाकाशी धरावे त्याला यश मिळते. अत्तर धरले असते तरी मिळाले असते. मग करावे काय? प्रथम घड्याळ पाहावे. जवळपासचे बाक, दगड, तापलेली वस्तू दूर करावी, डोक्याखाली घडी केलेला सदरा किंवा दप्तर सरकवावे, चष्मा काढावा, गळ्याजवळील गुंडी सोडावी. झटके ओसरताच त्या व्यक्तीला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास मोकळा राहतो. हातपाय दाबून धरू नयेत. त्याने झटका थांबत नाही, हाड मात्र मोडू शकते. तोंडात चमचा, कापड, बोट काहीही घालू नये. जीभ गिळली जाते ही केवळ समजूत आहे, दात तुटणे मात्र खरे आहे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा मध्ये शुद्ध न येता दुसरा सुरू झाला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिलाच झटका असला किंवा इजा झाली असली तरीही डॉक्टरांकडे नेण्यास विलंब करू नये.

हा रोग होतो कशाने? जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर, क्वचित आनुवंशिकता, अशी कारणे सांगता येतात. पुष्कळ रुग्णांत कारण सापडतच नाही. आपल्या देशात एक कारण मात्र विशेष आढळते आणि ते टाळता येण्याजोगे आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणाऱ्या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून जमिनीत व पाण्यात पसरतात, न धुतलेल्या भाजीपाल्याबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूत घर करतात. मांसाला न शिवणाऱ्या घरातही हा रोग शिरतो तो असा. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चे खावयाचे असेल तर ते वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवावे, आणि जेवणापूर्वी हातही.

या रोगावर १८५७ मध्ये पोटॅशियम ब्रोमाइड आणि १९१२ मध्ये फिनोबार्बिटल ही औषधे उपयोगात आली. त्यानंतर त्यांत पुष्कळ भर पडली आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य औषध नियमाने घेतल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कळीचा शब्द ‘नियमाने’ हा आहे. चार महिने झटका आला नाही म्हणून मनाने गोळी सोडली की, झटका पूर्वीपेक्षा जोराने परतण्याचा धोका असतो. जागरणही त्याला आमंत्रण देते. आमच्या मुलाच्या डॉक्टरांनी आजींना तायित सोडावयास सांगितले नाही. तायिताला हात लावून रोज दोन्ही वेळा गोळी द्यावी, एवढेच सांगितले. आजी आता घड्याळापेक्षा काटेकोर आहेत.

रोगापेक्षा लपवालपवीनेच घरे अधिक खचतात. मुलगी असली तर विचारावयासच नको. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या जोडीला अपस्माराचा उल्लेख होता आणि त्यामुळे विवाहाला बाध येत असे. तो शब्द १९९९ च्या दुरुस्तीने कायद्यातून वगळण्यात आला. स्थळ पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून तो अजून वगळला गेलेला नाही.

या तारायंत्राचे इतर बिघाडही आहेत. त्यांची ओळख थोडक्यात करून देतो. मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी तुंबली किंवा फुटली की अर्धांगवायू होतो. वाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात, आणि गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून घरातील कोणाचे तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात वर राहीना, बोलणे अडखळू लागले, तर तेल चोळीत न बसता रुग्णालय गाठावे. वृद्धांचे हात कापतात आणि चाल मंदावते तो कंपवात इंग्रज डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिला. त्यात डोपामिन नावाचे रसायन निर्माण करणाऱ्या पेशी झिजतात. खाजकुइलीच्या ज्या बिया वैद्य वापरीत आले, त्यांत डोपामिनचे मूळद्रव्य सापडले हे विशेष. मज्जारज्जूतील पेशींवर घाला घालणारा पोलिओ आपल्या देशातून गेला. त्याच्या नैसर्गिक विषाणूचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. आणि कुष्ठरोगात बोटे झडतात ती सडून नव्हे. वेदनेची वर्दी देणारे तंतू मेल्यामुळे चटके, जखमा समजत नाहीत म्हणून.

आमच्या सभागृहात आता घड्याळ लावले आहे, आणि झटका आल्यास काय करावे याचा तक्ता त्याखाली मराठीत व कानडीत टांगला आहे. हा मुलगा यंदा नववीत आहे. दिवाळीपासून त्याला झटका आलेला नाही. गळालेली वाक्येही त्याच्या वहीत आता दिसत नाहीत. या लेखाचा कच्चा मजकूर आम्ही प्रथम त्यालाच वाचावयास दिला. त्याने तो दोन दिवसांनी परत आणून दिला आणि एकच सूचना केली. म्हणाला, “सर, चप्पल हुंगवली हे राहू द्या, पण ती कोणाची होती, ते लिहू नका.”

आम्ही ते लिहिलेले नाही.